तुमची किंमत तुम्हीच ठरवा

हसनाबाद,
९ नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. व्यवस्थापक,
‘माप’ (शिवणकाम करणाऱ्यांसाठीचे मोबाइल ॲप),
पुणे.

विषय : ॲपमधील मराठीच्या चुका कळविण्याबाबत.

महोदया,

मी आपल्या ॲपचा एक ग्राहक आहे. माझी पत्नी उषा हसनाबाद येथे शिवणकाम करते आणि बायकांना शिकवते. गिऱ्हाइकांची मापे ती आपल्या ॲपमध्ये ठेवते. बायकांची मापे मी पाहायची नाहीत असा तिचा सक्त हुकूम असल्यामुळे मी फक्त मापांच्या आजूबाजूची मराठी पाहतो. त्या मराठीची अवस्था बरी नाही, हे खेदाने नमूद करतो.

पहिली चूक ब्लाउजाच्या पानावर आहे. तिथे ‘मागचा गाळा’ असे छापले आहे. गाळा म्हणजे दुकान. हसनाबादच्या बाजारात गाळ्याला भाडे पडते. ब्लाउजाला मागे दुकान नसते, गळा असतो.

दुसरी चूक नाव नोंदवल्यावर दिसते. ‘आपला खाते यशस्वीरित्या तयार झाला आहे.’ खाते नपुंसकलिंगी. ते तयार ‘झाले’. आणि ‘यशस्वीरीत्या’ मधली री दीर्घ. एवढे माझ्या सातवीच्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही येत होते, आणि आपण तर पहिल्या बाकावर बसत होता.

पैसे भरण्याच्या पानावर वर मोठ्या अक्षरांत ‘तुमची किंमत तुम्हीच ठरवा’ असे आहे. हे वाक्य द्व्यर्थी आहे, त्याने कुणाचा तरी घोटाळा होणार. त्याखाली ‘मर्जीनुसार रक्कम भरा, शून्यही चालेल’ असे आहे. त्याबद्दल मी काही लिहीत नाही. जे बोलायचे ते दसऱ्याला बोलून झाले आहे.

या चुका ॲपमधल्या तक्रारीच्या चौकटीतच लिहिणार होतो, पण ती चौकट दोनशे अक्षरांपुढे जाऊ देत नाही. माझी निम्मी अक्षरे ‘महोदया’ आणि ‘विषय’ यातच संपली. फोनचे म्हणाल तर आपण माझा फोन उचलत नाही. उचलला तरी माझा आवाज चढतो, म्हणून पत्नीने मला फोनबंदी केली आहे. कागदावर आवाज चढत नाही, हे तिचे म्हणणे मला पटले.

कळावे.

आपला एक ग्राहक,
वसंता भिवा (निवृत्त मुख्याध्यापक)

ता. क. काल सकाळी ॲपची नवी आवृत्ती आली. म्हणजे तू उठून, चहा घेऊन कामाला बसली होतीस. चहाबरोबर काही खातेस का? आईला विचारलं तर ती म्हणते, “मी काय पोस्टमन हाय का? तुमचं तुम्ही इचारा.” म्हणून विचारतोय.


हसनाबाद,
२३ नोव्हेंबर २०२५

चि. प्रीती,
सप्रेम जयभीम.

गाळा गेला! आज सकाळी ॲप उघडलं तर ‘मागचा गळा’. खाते नपुंसकलिंगी झालं, री दीर्घ झाली. मी चष्मा पुसून परत वाचलं आणि मशीनवर बसलेल्या तुझ्या आईला जाऊन दाखवलं. तिने पाय थांबवला नाही. म्हणाली, “पोरीनं पत्र वाचलं म्हणून खुशीत येऊन राह्यलात, आन् नाव व्याकरणाचं सांगता व्हय?”

बरं, तसं समज.

पत्राला उत्तर नाही आलं, पण दुरुस्ती आली. माझ्या नोकरीत मी तालुक्याला कितीतरी पत्रं लिहिली, त्यांचं उत्तरही आलं नाही आणि दुरुस्तीही झाली नाही. त्या मानाने तुझा कारभार चांगला आहे.

पण ‘मर्जी’ तशीच आहे. तू ती मुद्दाम ठेवलीस. हट्टीपणात तू कुणावर गेलीस हे मला विचारू नकोस.

दसऱ्याला, म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, तू आलीस. विहारातून आपण तिघं घरी आलो, खीर झाली, आणि तू फोनवर ‘माप’ दाखवलंस. कोणत्या बाईचं माप कधी घेतलं, कुणाची बाही ढिली हवी, सगळं एका बोटावर. तुझ्या आईच्या डोळ्यात पाणी आलं. माझ्याही आलं असतं, पण मी विचारलं, याचा भाव काय? तू म्हणालीस, “मर्जी त्यांची. शिवणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडानं भाव सांगू? कुणाला महिन्याला शंभर ब्लाउज येतात, कुणाला दोन.” आणि मी बोलून गेलो. माझ्या बापाने जे टोपलं फेकून दिलं, ते तू पुण्याला जाऊन उचललंस, असं बोललो. तू चमचा वाटीत ठेवलास. “पप्पा, मी भीक मागत न्हाई,” एवढंच म्हणालीस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस.

तू पुण्यातली नोकरी सोडून हे सुरू केलंस, त्याचा राग मला आला नव्हता. खरं सांगतो. थोडा आला होता.

पण टोपल्याचं मी रागात बोललो असं समजू नकोस. तुझे भिवा आजोबा गेले तेव्हा तू चौथीत होतीस. तुला ते तंबाखू मळताना आणि तुझ्यासाठी शेंगा सोलताना आठवत असतील. मला त्यांनी सांगितलेली त्यांची आई आठवते. केदारखेड्यात दिवसभर गावाची कामं करायची, सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचं, आणि सांज झाली की टोपलं घेऊन दारोदार उभं राहायचं. “वाढा माय.” कुणी ताजी भाकर टाकायचं, कुणी कालची, कुणी आतूनच ओरडायचं, उद्या ये. सगळी त्यांची मर्जी. छप्पन्न सालानंतर आपल्या लोकांनी ती कामं टाकली. आजोबा गाव सोडून जुन्या जालन्यात हमाली करायला गेले. तिथे कुठलाही शेठ असो, पोत्याला हात लावायच्या आधी ते म्हणायचे, “आधी भाव बोला, मंग पोतं उचलतो.” लोक त्यांना ‘भाव बोला’ म्हणूनच हाक मारायचे. त्यांना त्याचा अभिमान होता.

हे तुला माहीत आहे. मीच तुला लहानपणी सांगितलं आहे. म्हणूनच तुझ्या पानावर ‘मर्जी’ वाचलं की मला ते टोपलं दिसतं. तू रागाव, पण हे मी दुरुस्ती म्हणून लिहीत नाही.

आईची पाठ दुखते आहे. मशीनवर फार बसते. तुला फोनवर ती ‘मी मस्त’ म्हणते, त्यावर जाऊ नकोस.

तुझा,
पप्पा


हसनाबाद,
८ डिसेंबर २०२५

चि. प्रीती,
जयभीम.

परवा सहा डिसेंबरला विहारात अभिवादन करून आलो आणि ॲप उघडलं, तर वर पिवळी पट्टी. ‘१ जानेवारीपासून ‘माप’साठी दरमहा ठरावीक शुल्क आकारले जाईल.’

व्याकरण बिनचूक.

मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. माझा मुद्दा पोरीला पटला म्हणून मी आईला हाक मारून सांगायला हवं होतं. मी तसाच खुर्चीत बसून राहिलो. पट्टी बोटाने वर सरकवली तर ती परत खाली यायची.

कारण मी तुला ओळखतो. तुला पटलं असतं तर तू माझ्याशी भांडली असतीस. तू लहानपणी गणित चुकलं की वाद घालायचीस आणि बरोबर आलेलं असलं तरी वाद घालायचीस. तू गप्प बसून एखादी गोष्ट करतेस तेव्हा तुझं मन मोडलेलं असतं. दहावीत तुझी चित्रकलेची वही मी टेबलावरून उचलली, तेव्हा तू काही बोलली नाहीस आणि परत कधी चित्र काढलं नाहीस. ते मला तेव्हाच कळलं होतं. आताही कळतं आहे.

तुझ्या आईने पट्टी वाचली. ताटात वरण वाढलं, मीठ ठेवायचं विसरली. आपल्या घरात ती मीठ विसरत नाही.

दुपारी तिच्या शिकाऊ बायका आल्या. त्यांनीही पट्टी वाचली होती. एक म्हणाली, “ताई, आता ते काढून टाकावं लागंल वाटतं.” दुसरी म्हणाली, “महिन्याला कुठून द्यायचं? माझ्याकडं कामच दिवाळीला अन् लग्नसराईत येतं.” कुणी रागावलं नाही. त्यांना सवय आहे. त्यांनी फोन पिशवीत टाकले आणि फॉल-पिकोला बसल्या.

यातच आणखी एक भानगड झाली आहे. मी पहिल्या पत्रात लिहिलं होतं की ‘तुमची किंमत तुम्हीच ठरवा’ हे वाक्य कुणाचा तरी घोटाळा करणार. झाला. केदारखेड्याच्या चतुराबाई, ज्या गेल्या वर्षी आईकडे कटोरी ब्लाउज शिकायला येत होत्या, त्यांनी ते वाचलं आणि त्यांना वाटलं, ॲप त्यांची शिलाई विचारतंय. ‘तुमची किंमत’ म्हणजे तुम्ही ब्लाउज कितीला शिवता. त्यांनी आपली शिलाई लिहिली. पुढे पिन मागितला, त्यांनी तो टाकला. पैसे गेले तेव्हा त्यांनी घाबरून आईला फोन केला. “ताई, माझ्या एका ब्लाउजाची शिलाई गायब झाली वो!”

आई हसली. मी हसलो नाही. हा घोटाळा माझ्या घरातल्या मराठीने झाला आहे. तुझी मराठी ही माझी जबाबदारी, कारण ती मी शिकवली. तेव्हा उद्या-परवा मी केदारखेड्याला जाऊन त्या बाईंचे पैसे माझ्या खिशातून परत करणार आहे.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण लिहितो. आईने चतुराबाईंच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं. कारभारी. आजोबा घरांची नावं घेऊन सांगायचे, कोण ताजं वाढायचं आणि कोण शिळं. त्यात हे घर होतं. कोणत्या बाजूचं ते विचारू नकोस.

तुझा,
पप्पा


हसनाबाद,
१५ डिसेंबर २०२५

प्रिय प्रीती,

केदारखेड्याला जाऊन आलो. स्कूटीवर गेलो. आई म्हणाली, बसने जा, मी ऐकलं नाही. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची दुसरी वेचणी चालू होती. मी या रस्त्याने शंभर वेळा गेलो असेन, पण गावात शिरलो नव्हतो. आजोबांनी पाय ठेवला नाही, म्हणून मीही ठेवला नाही. असं काही ठरलेलं नव्हतं, तसं होत गेलं.

कारभारींचं घर आता तीन भावांत वाटलेलं आहे. एका खोलीत चतुराबाईंची मशीन, खिडकीला तारेवर टांगलेले ब्लाउज. नवरा जालन्यात एका कारखान्यात आहे, आठवड्याने येतो. मी बाहेरून हाक मारली. त्या दारात आल्या आणि म्हणाल्या, “अवो मास्तर, आत या ना. तिथं काय उभे राह्यलात?”

तेव्हा मला दिसलं की मी पायरीच्या खाली उभा होतो. अंगणात, पायरीपासून दोन हात लांब. मला कुणी तिथं उभं केलं नव्हतं. एकसष्ट वर्षांचा माणूस, पेन्शन घेणारा, निम्म्या तालुक्याला वाचायला शिकवलेला. मला स्वतःचाच फार राग आला. मग मी चपला काढल्या आणि आत जाऊन खुर्चीवर बसलो.

पैसे काढून मशीनवर ठेवले. म्हटलं, “तुमचे पैसे चुकून गेलते. पोरीच्या ॲपात वाक्य बराबर न्हाई. हे घ्या.”

त्या पैशांकडे बघून म्हणाल्या, “ताईला फोन केल्ता खरा. तव्हा घाबरल्ते. वाटलं, कुणी लुटलं. मंग कळलं, हे तर आपल्या प्रीतीकडं गेले.”

“मंग घ्या की.”

“आता न्हाई घेत.”

“का बरं?”

“अवो मास्तर, एका ब्लाउजाला माझी दुपार जाते. पहिले मापाची चिठ्ठी हरवायची. बाईला परत बोलवा, तिचं तोंड बघा. कधी अंदाजानं कापलं की कापड वाया. तिच्या ॲपानं माझ्या किती दुपारी वाचवल्या! एका ब्लाउजाची शिलाई बिलकुल बराबर हाय. चुकून गेली, पण बराबर गेली.”

मी म्हटलं, आता एक तारखेपासून तुम्हाला चुकायची गरज नाही, ठरलेला भाव येणार आहे. त्यांनी कात्री खाली ठेवली.

“किती?”

“माहीत न्हाई. ती सांगंल.”

“सांगू द्या. समदेच सांगतेत. गिऱ्हाईक म्हणतं, एवढंच देईन. कापडवाला सांगतो, धाग्याचा रीळ बी भाव छापूनच येतो. ह्या एका ॲपानं तेवढं मला इचारलं व्हतं.” मग म्हणाल्या, “तुम्हाला खरं सांगू का? तो आकडा तिथं मोठ्या अक्षरात लिहिला ना, मी त्याच्याकडं बघतच बसले. म्हणलं, बस एवढीच? इतक्या वर्षांत मी माझी शिलाई कधी लिहून पाह्यलीच नव्हती, तोंडानं सांगायची. दुसऱ्या दिवशी मी शिलाई वाढवली. दोघी भांडून गेल्या. त्यातली एक वापस आली.”

चहा आला, तो घेतला. मी त्यांना माझ्या आजीचं काही सांगितलं नाही. सांगावंसं वाटलं होतं. पण चतुराबाई तेव्हा जन्मल्याही नव्हत्या, आणि त्यांच्या मशीनवर एक नवरीचा ब्लाउज अर्धा शिवलेला पडला होता. निघताना त्यांनी पैसे माझ्या हातात परत कोंबले आणि म्हणाल्या, “पोरीला म्हणावं, पुढच्या साली वाढीव शिलाईनं देईन.”

मी येताना गाडी हळू चालवली आणि आजोबांच्या वाक्याचा विचार करत आलो. आधी भाव बोला. आयुष्यभर मी त्याचा अर्थ असा लावला की आपला भाव आपण ठणकावून सांगायचा. पण ‘बोला’ हे आज्ञार्थी आहे, आणि ते शेठला आहे! ते स्वतःचा भाव सांगत नव्हते, शेठला बोलायला लावत होते. पटला तर पोतं उचलायचे, नाही पटला तर पुढच्या दुकानी जायचे. मराठीच्या मास्तराला स्वतःच्या बापाचं तीन शब्दांचं वाक्य साठी ओलांडल्यावर कळलं.

माझ्या आजीला भाव बोलता येत नव्हता आणि ‘नको’ म्हणता येत नव्हतं. टोपलं ते होतं. तू विचारतेस, आणि जिला विचारतेस तिलाही आजवर कुणी विचारलेलं नाही. हे टोपलं नाही, प्रीती. तो शब्द मी परत घेतो.

‘मर्जी’ या शब्दाबद्दल मात्र माझं मत तेच आहे. मर्जी वरच्या माणसाची असते, ती राखावी लागते. तुझ्या आणि चतुराबाईंच्यात कुणी वर नाही. तेवढा शब्द काढ. पण ती पिवळी पट्टीही काढ. ती तू माझ्यामुळे लावलीस. तुझं डोकं शाबूत ठेवून, हिशोब मांडून, तुला ठरावीक भावच योग्य वाटत असेल तर माझं काही म्हणणं नाही. तुझं भाडं आहे, पोट आहे. पण बापाच्या एका वाक्याने मन मोडून लावली असशील, तर ती मला रोज दिसते आणि मला जेवण जात नाही.

मला तुझी फार आठवण येते.

पप्पा


हसनाबाद,
२८ डिसेंबर २०२५

प्रिय प्रीती,

मागच्या पत्रानंतर ॲपची एकही नवी आवृत्ती आली नाही. रोज सकाळी बघतो. तू कदाचित सुट्टीवर असशील. आई म्हणते तुला सर्दी झाली होती, आता बरी आहेस. हळद-दूध घे, नाक मुरडू नकोस.

मी पुण्याला येऊ का, असं आईला तुला विचारायला लावलं होतं. तू म्हणालीस, एवढ्यात नको, कामात आहे. ठीक आहे. काम आधी.

बसल्या बसल्या एक प्रयोग केला. माझ्याही फोनवर ‘माप’ आहे. त्यात मापं नाहीत, मी फक्त नवी आवृत्ती आली का ते बघायला ठेवलं आहे. त्यात पैसे भरायचं पान उघडलं. मला शिलाई नाही, तेव्हा काय लिहावं सुचेना. म्हणून शून्य लिहून बघितलं, तुझं ॲप काय करतं ते पाहावं म्हणून. मला वाटलं, जरा खोचक काहीतरी येईल. मी असतो तर घातलं असतं. तर आलं, ‘तुम्ही वापरता याचा आनंद आहे.’ फुकट्यालाही!

या बाबतीत तू माझ्यावर गेली नाहीस, आईवर गेलीस. बरं झालं.

पट्टी अजून आहे. चार दिवस राहिले. मी पुन्हा त्याबद्दल लिहिणार नाही असं ठरवून बसलो होतो.

पप्पा


हसनाबाद,
३ जानेवारी २०२६

माझ्या लाडक्या प्रीतीस,
जयभीम.

एक तारखेला सकाळी मी ॲप उघडलंच नाही. हिंमत झाली नाही. तू दरवर्षी त्या दिवशी भीमा कोरेगावला जातेस, यंदाही जाण्याइतकी बरी असशील एवढा विचार करून पेपर वाचत बसलो. दुपारी तुझ्या आईच्या शिकाऊ बायकांचा गलका ऐकू आला. मी बाहेर गेलो तर सगळ्या एका फोनवर वाकलेल्या. आई म्हणाली, “वाचा मोठ्यानं. तुम्हीच वाचा.”

पिवळी पट्टी नव्हती. पैसे भरण्याच्या पानावर लिहिलं होतं : ‘वर्षातून एकदा, एका ब्लाउजाची शिलाई. ती किती, हे तुम्हाला माहीत आहे. कमी-जास्त करायचं तर तेही तुम्हीच ठरवा.’

मी वाचलं. मग परत वाचलं. एकही चूक नाही, आणि ‘मर्जी’ नाही. मी चष्मा पुसायला आत गेलो. बायका हसत होत्या. एक म्हणाली, “सर रडून राह्यले का?” आई म्हणाली, “न्हाई, व्याकरण तपासून राह्यले.”

काल एक जण माझ्यासमोर आकडा लिहीत होती. तिने आधी एक लिहिला, पुसला, आणि वाढवून लिहिला. मग तुझ्या आईला म्हणाली, “ताई, एवढी सांगू का गिऱ्हाइकाला?” आई म्हणाली, “सांग की. पोरीला देतीस, मंग गिऱ्हाइकाकडून घे.” कुणी अगदीच थोडे भरले, दोघींनी शून्य लिहिलं आणि लाजल्या. मी त्यांना सांगितलं, लाजू नका, मीही शून्यवालाच आहे. हे सगळं मिळून तुझं भाडं निघतं का, मला माहीत नाही. निघालं नाही तर सांग. बापाकडून घेण्यात कसली मर्जी आणि कसला भाव.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते सांगतो.

काल आईला मी जुन्या जालन्याला घेऊन गेलो. पाठीचं औषध आणायचं होतं, पण ती मला कापडाच्या दुकानांत फिरवत राहिली आणि शेवटी निळ्या रंगाचं सुती कापड घेतलं. म्हटलं कुणासाठी, तर पिशवी माझ्या हातात दिली. घरी आल्यावर टेबल पुसलं, कापड पसरलं, खडू घेतला, आणि ‘माप’ उघडून तुझं नाव काढलं. त्यात सगळ्यात पहिलं नाव तुझंच आहे, कारण ॲप चालतं का ते बघायला तू आईच्या फोनवर स्वतःचंच माप आधी भरलं होतंस. आईने खडू खाली ठेवला. मग तिने मला हाक मारली आणि फोन माझ्यापुढे धरला. बायकांचं माप बघायची परवानगी मला पहिल्यांदा मिळाली.

तुझ्या नावाखाली लाल अक्षरांत लिहिलेलं होतं : ‘हे माप जुने झाले आहे. अंदाजाने कापू नका. पुन्हा घ्या.’

आई म्हणाली, “बारीक झाली असंल. फोनवर आवाज बारीक येतो तिचा.” मी म्हटलं, आवाजावरून माप कळत नाही. ती म्हणाली, “मंग कशावरून कळतं? बोलवा की तिला! दोन महिने पत्रं लिहून राह्यलात, एकदा तरी ‘ये’ म्हणालात का?”

मी सगळी पत्रं आठवून पाहिली. ती खरं बोलते आहे. मी गळा लिहिला, मर्जी लिहिली, हळद-दूध लिहिलं. मी येऊ का असंही विचारलं. ‘ये’ एकदाही लिहिलं नाही.

ये, प्रीती. कापड टेबलावर पसरलेलं आहे. आई त्याला कात्री लावत नाही आणि मला टेबलावर जेवूही देत नाही.

तुझा,
पप्पा